कनवटीची सुपारी

पाच गावांचं पाणी ज्याच्या हाताने सुटायचं, असा एक पाटकरी होता. त्याचं नाव सटवाजी. धाकटी नावाच्या नदीवर कुण्या जुन्या राजाने दगडी बांध घातला होता. बांधामागे मोठं तळं साठलं होतं आणि त्या तळ्याची किल्ली सटवाजीच्या कमरेला होती. राजा गेला, त्याचं राज्य गेलं, त्याचं नावही कुणाला आठवेना. बांध मात्र जागेवर होता.

नदी नावाप्रमाणेच धाकटी. चार महिने धिंगाणा घालायची आणि आठ महिने पडून राहायची. त्या चार महिन्यांत जेवढं अडेल तेवढ्यावर पाच गावांनी आठ महिने काढायचे. बांधाची मोरी उघडली की पाणी पाटात पडायचं आणि सहा कोस चालत जायचं. पाटाच्या उशाला बोरवड, पायथ्याला खुटाळं, आणि मध्ये तीन गावं. मोरी उघडून पाचही गावांची शेतं भिजवली आणि मोरी पुन्हा बंद केली, की एक पाळी झाली. वर्षात अशा पाळ्या किती द्यायच्या, ते दसऱ्याला ठरायचं.

ठरवण्याची रीत अशी. मोरीवर एक बुरूज होता. बुरुजाच्या पोटात काळोखी विहीर होती आणि तिला सोळा पायऱ्या होत्या. बाहेर तळ्यात पाणी जेवढं, आत विहिरीत तेवढंच. दसऱ्याच्या सकाळी पाच गावचे पंच बांधावर घोंगडी अंथरून बसायचे. पाटकरी एकटा दार उघडून बुरुजात उतरायचा आणि पाण्याखाली किती पायऱ्या आहेत ते काठीने चाचपायचा. मग वर येऊन पायरीमागे एक सुपारी घोंगडीवर मांडायचा. तळच्या दोन पायऱ्या मोरीच्या तोंडाखाली होत्या, तिथलं पाणी बाहेर येत नसे, म्हणून त्या माशांच्या, त्यांची सुपारी मांडायची नाही. उरलेल्यांतल्या तीन सुपाऱ्या उन्हाच्या, कारण ऊन कुणाला न विचारता पाणी पितं. तीन सुपाऱ्या माणसाजनावरांच्या तहानेच्या. आणि मग जेवढ्या राहतील तेवढ्या पाळ्या. पाळ्या पाहून कुणी काय पेरायचं ते ठरायचं. इतकी सोपी आणि इतकी शहाणी रीत दुसरीकडे शोधून सापडली नसती.

पण सटवाजीच्या घराण्यात आणखी एक रीत होती, आणि ती कुणाला सांगायची नव्हती. त्याच्या चुलत्याने डोळे मिटण्याआधी त्याला जवळ बोलावून कानात सांगितलं होतं, “सटवा, पानी असंल त्यापरीस एक सुपारी कमी मांडायची. एक कनवटीला ठेवायची. मानूस हातात असंल तेवढं संपवतो. न दिसणारं तेवढंच उरतं.” चुलत्याला हे त्याच्या बापाने सांगितलं होतं. तीन पिढ्या हे गुपित घराबाहेर गेलं नव्हतं. ते इतकं गुप्त होतं की फक्त पाच गावांनाच ठाऊक होतं.

आणि ठाऊक असलं म्हणजे माणूस गप्प बसतो थोडाच! दसरा सरला की बोरवडचा रावजी पाटील सहज म्हणून सटवाजीच्या ओसरीवर येऊन बसायचा. तंबाखू मळता मळता विचारायचा, “पाटकरी, कनवटीला काय हाय का?” सटवाजी जमिनीकडे बघून हसायचा. हो म्हटलं तर गुपित फुटतं, नाही म्हटलं तर खोटं ठरतं. हसण्यात काहीच अडकत नव्हतं. रावजीही हसून उठायचा. मग चार दिवसांनी दुसऱ्या गावचा पाटील यायचा. मग तिसऱ्या, मग चौथ्या गावचा. सटवाजी सगळ्यांसाठी तेच हसू काढायचा. पाऊसपाणी बरं असलं की ही लपवलेली पायरी कुणा ना कुणाच्या पदरात पडायची आणि पुढच्या आषाढात तळं पुन्हा भरायचं. त्यामुळे चुलत्याची युक्ती कशी बिनचूक चालली आहे, असं सटवाजीला वाटत राहिलं. खरं तर तिची कधी परीक्षाच झाली नव्हती.

परीक्षेचं वर्ष आलं. उत्तरा नक्षत्र कोरडं गेलं आणि हस्ताने नुसता गडगडाट केला. दसऱ्याला सटवाजी बुरुजात उतरला तेव्हा माशांच्या पायऱ्या सोडून दहाच पायऱ्या पाण्याखाली होत्या. त्याने वर येऊन घोंगडीवर नऊ सुपाऱ्या मांडल्या. दहावी कनवटीला गेली. तीन उन्हाच्या, तीन तहानेच्या, राहिल्या तीन.

“तीन पाळ्या,” सटवाजी म्हणाला. “तीन पाण्यांवर शाळू आन् हरभरा निघंल. गहू न्हाई, कांदा न्हाई. त्याला चार पान्यं तरी लागत्यात.”

पंचांनी गंभीरपणे माना हलवल्या. “न्हाई म्हंजी न्हाई,” रावजी म्हणाला. कुणी वाद घातला नाही, कुणी आवाज चढवला नाही. प्रसाद खाऊन सगळे वेळेवर घरी गेले.

सटवाजी खुशीत घरी आला. त्याची बायको कोंडाई भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “भांडलं न्हाई कुनी?”

“कुनी न्हाई. समदे शाने झालेत.”

“पानी कमी आन् भांडान न्हाई?” कोंडाई म्हणाली. “अवो, मग कायतरी चुकतंय.”

सटवाजीने ते कानाआड केलं. बायकोचं बोलणं कानाआड करायला काही लागत नाही. निस्तरायला मात्र पुढे फार लागतं.

दसऱ्यानंतर चार गावांचे पाटील नेहमीसारखे ओसरीवर येऊन गेले आणि सटवाजी नेहमीसारखा हसला. पहिली पाळी देऊन झाली. मार्गशीर्ष संपता संपता पाटाची डागडुजी बघायला सटवाजी काठी घेऊन निघाला. बोरवडच्या शिवारात शिरला आणि थांबला. पाटालगतच्या काळ्या रानात गहू उभा होता. थोडाथोडका नव्हे, नजर पोहोचेल तिथवर. रावजी पाटील बांधावरच उभा होता. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाला, “भ्याचं कारन न्हाई. चवथं पानी हाय की आमाला. तू हसला हुतास न्हवं?”

सटवाजी झपाझप पुढे चालू लागला. दुसऱ्या गावच्या शिवारात गहू होता. तिसऱ्यात कांद्याची रोपं लागली होती. चौथ्यात पुन्हा गहू. प्रत्येक गावात कुणी ना कुणी जवळ येऊन डोळा मिचकावत होतं. चौथी पाळी आपल्याच गावाला मिळणार, असं चारही गावं धरून चालली होती आणि शेजारच्या गावाला त्यातलं काही माहीत नाही, याचा चारही गावांना आनंद झाला होता.

शेवटी तो खुटाळ्याला पोहोचला. तिथे नुसता हरभरा होता, तोही विरळ. गावाची पाटलीण ठकाबाई पाटाच्या टोकाशी हौदाच्या काठावर बसली होती. नवरा गेल्यापासून गावाचा कारभार तीच बघायची. पाटाचं पाणी सहा कोस चालून या हौदात पडायचं आणि उन्हाळ्यात सगळं खुटाळं त्यावर जगायचं. गावच्या विहिरींना चैत्रात तळ दिसायचा.

“ठकूमावशी, तुमी गहू न्हाई केला?” सटवाजीने विचारलं.

“चवथं पानी कवा आमच्यापातूर पोचलंय, म्हनून करू?” ती म्हणाली. “आमाला काय नगं बाबा. वैशाखात हौदात पानी तेवढं पडू दे. गेल्या साली ल्हान पोरांना चाटन चाटवल्यावानी पानी दिलं.”

सटवाजीला परतीचे सहा कोस कधी सरले ते कळलं नाही. त्याच्या डोक्यात हिशेब फिरत होता. पायरी एक आणि तिच्यावर गावं चार. गहू पोटरीत आला की चारही गावं ओसरीवर येऊन बसणार. एकाला पाणी दिलं की बाकीचे तीन मोरीवर चालून येणार, आणि उभं पीक वाळताना बघून कुणाचाही हात आवरायचा नाही. मग तहानेच्या तीन पायऱ्या उघडणार. पाणी वरून खाली येणार, वरच्या वर संपणार आणि वैशाखात खुटाळ्याचा हौद कोरडा पडणार. पोराबाळांना घेऊन ते गाव जाणार कुठे?

घरी येऊन त्याने कोंडाईला सगळं सांगितलं. “चार गावांनी माझ्या एका सुपारीवर पेरनी केली,” तो कपाळाला हात लावून म्हणाला. “काय मानसं हायती! समद्यांना वाटतं, आपलंच येगळं.”

कोंडाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “आन् आपल्या वावरात काय पेरलंय?” तिने विचारलं.

बांधाखाली सटवाजीचं बिघाभर रान होतं, आणि त्यात गहू होता. आपल्याच हाताने पेरलेला. पेरताना त्याने विचारसुद्धा केला नव्हता. कनवट आपलीच आहे, बिघाभराला पाणी कितीसं लागणार, असं मनात कुठेतरी होतं. चार नव्हे, पाच वाटेकरी होते, आणि पाचवा घरचाच होता. त्याला अशी लाज वाटली की त्या दिवशी तो धड जेवला नाही.

दोन दिवस तो गप्प होता. गप्प राहणं सोपंही होतं. रोहिण्या चांगल्या बरसल्या तर काहीच बिघडणार नव्हतं, आणि नाही बरसल्या तर ‘देवाची मर्जी’ म्हणून हात वर करता आले असते. चुलत्याचं नाव राखलं जाणार होतं, त्याचंही राखलं जाणार होतं. खरं सांगितलं तर मात्र पाच गावांत छी-थू होणार होती आणि तीन पिढ्यांची किल्ली जाणार होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, तोंड धुतलं आणि पाचही गावांना निरोप धाडले. पंचांनी बांधावर यावं, तातडीचं काम आहे.

पौषात पंच कधी जमले नव्हते. सगळे कुरकुरत आले. घोंगडी अंथरली गेली. सटवाजीने बुरुजाचं दार उघडलं आणि बाजूला उभा राहिला.

“आज तुमी उतरायचं,” तो म्हणाला. “पायऱ्या तुमीच मोजायच्या.”

“पाटकऱ्याबिगर कुनी आत जायाचं न्हाई,” रावजी म्हणाला. “रीत हाय.”

“रीत मोडल्याचं पाप माझ्या माथी. तुमी मोजा.”

ते एकेक करून उतरले. काठीने चाचपलं, कुजबुजले, पुन्हा चाचपलं. वर आले तेव्हा सगळ्यांचे चेहरे सावध झाले होते. पहिली पाळी जाऊनही माशांच्या सोडून नऊ पायऱ्या भरत होत्या. दसऱ्याच्या हिशेबाने आठच असायला हव्या होत्या. सटवाजीने घोंगडीवर आठ सुपाऱ्या मांडल्या: तीन उन्हाच्या, तीन तहानेच्या, दोन पाळ्यांच्या. मग सगळ्यांच्या देखत कनवटीला हात घातला आणि नववी सुपारी काढून शेजारी ठेवली.

“ही म्या लपवली हुती,” तो म्हणाला. “माझ्या चुलत्यानं लपवली, त्याच्या बापानं लपवली. आता बोला. हिच्यावर कुनी कुनी पेरलंय? पयला मी. माझा बिघाभर गहू हाय.”

एक जण पागोटं नीट करू लागला. दुसऱ्याला तळ्यातले बगळे दिसले. मग मधल्या गावांतला एक पाटील खाकरून म्हणाला, “आमचाबी हाय थोडा.” मग दुसऱ्याने कांद्याचं सांगितलं. मग तिसऱ्याने गव्हाचं. प्रत्येक कबुलीबरोबर बाकीच्यांच्या माना वळत होत्या. आपण शेजाऱ्याला जेवढं बेमालूम फसवत होतो तेवढंच शेजारी आपल्याला फसवत होता, हे त्यांना हळूहळू उमगत होतं.

रावजी पाटील मात्र लालबुंद झाला. “ही सुपारी तू आमाला कबूल केली हुतीस!”

“कबूल केली न्हाई, पाटील. मी नुस्ता हसलो.”

“हसलास म्हंजीच कबूल!”

“तसं बघितलं तर मी चौघांकडं बघून हसलो,” सटवाजी म्हणाला. “ती माझी लबाडी. न्हाई म्हनायची छाती न्हवती, म्हनून हसत हुतो. आता म्हनतो. चवथी पाळी न्हाई. कुनालाच न्हाई.”

“आन् उभं पीक?”

“कापून जनावरांना घाला. वाळवून ठिवला तर उन्हाळ्याला चारा हुईल.”

“रोहिन्या बरसतील की! दरसाल बरसत्यात.”

“बरसल्या तर चांगलंच. न्हाई बरसल्या तर खुटाळ्यानं काय प्यायचं, ते तुमी सांगा. ठकूमावशी हितं बसली हाय. तिच्या तोंडावर सांगा.”

ठकाबाई घोंगडीच्या कोपऱ्याला बसली होती. रावजीने तिच्याकडे बघितलं आणि तो पुन्हा सुपाऱ्यांकडे बघू लागला.

“पाटील,” तीच म्हणाली, “मला तुमचा गहू मोडायचा न्हाई. मला पोरं जगवायची हायती.”

त्यावर वाद संपल्यासारखाच होता. तरी तो तास दीड तास चालला, कारण पाच गावचे पंच जमून वाद झटक्यात संपला तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. कुणी म्हणालं, नववी पायरी पाचांत वाटून टाका. सटवाजीने हिशेब करून दाखवला की पाचव्या हिश्शात गव्हाच्या रानाचे कोपरेसुद्धा भिजणार नाहीत. कुणी म्हणालं, ती पुन्हा लपवा आणि आम्ही विसरून जातो. त्यावर सगळेच हसले. शेवटी ठरलं ते असं. नववी सुपारी घोंगडीवर सगळ्यांच्या समोरच राहील आणि तिचं नाव ‘उशीर’. पाऊस उशिरा आला तरच तिला हात लागेल, तोपर्यंत कुणाच्या शेताला तिचा थेंब नाही. आणि दर अमावस्येच्या सकाळी प्रत्येक गावचा एक माणूस बुरुजात उतरून पायऱ्या स्वतः मोजेल.

सटवाजीने कमरेची किल्ली काढून पुढे ठेवली. “आता ही कुनाला द्यायची ते ठरवा.”

“त्याच्यापाशीच ऱ्हाऊ दे,” ठकाबाई म्हणाली. “ह्याला खरं बोलायला तीन पिढ्या लागल्या. नवा मानूस आनून आनखी तीन कोन घालवतंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सटवाजी आणि कोंडाई आपल्या वावरात विळे घेऊन शिरले. गहू गुडघ्याएवढा झाला होता, हिरवागार. कोंडाईच्या मनात होतं, यंदा होळीची पोळी घरच्या गव्हाची करायची. पहिली मूठ कापताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पदराने डोळे पुसत होती आणि कापत होती. दुपारपर्यंत रान मोकळं झालं. येणारेजाणारे थांबून बघत होते. ही बातमी पाटाच्या पाण्याहून लवकर खाली गेली. आठवड्याभरात मधल्या तीन गावांनी विळे लावले.

रावजीने आठ दिवस तग धरला. नवव्या दिवशी त्याने निम्मा गहू कापला आणि निम्मा तीन पाण्यांवर काय येईल ते येऊ दे म्हणून ठेवला. त्या निम्म्यात दाणे भरले, पण जिऱ्याएवढे.

अमावस्येची मोजणी मात्र त्याने चुकवली नाही. गुडघे दुखायचे, तरी तो कण्हत कण्हत पायऱ्या उतरायचा. पाळ्या केव्हाच संपल्या होत्या. चैत्रातल्या अमावस्येला तो वर आला तो तावातावाने.

“सटवाजी, मागल्या बारीनंतर मोरी किती उघडली?”

“पिन्यापुरती. पाच दिस.”

“मग एक पायरी जास्ती उतरलीया. पानी गेलं कुटं?”

सटवाजीने वर बोट दाखवलं. ऊन रणरणत होतं. रावजीने डोळ्यांवर हात धरून वर बघितलं, मग तळ्याकडे बघितलं.

“आयला,” तो म्हणाला, “मला वाटत हुतं, उन्हाच्या सुपाऱ्या म्हंजी तुझ्या चुलत्याची दुसरी कनवट!”

रोहिण्या बरसल्या नाहीत. मृगही कोरडा गेला. उन्हाने आपल्या तीन पायऱ्या मोजून घेतल्या, माणसाजनावरांनी आपल्या तीन प्यायल्या. चार गावांच्या विहिरींत थोडं थोडं पाणी तग धरून होतं, आणि वाळवलेल्या गव्हाच्या पेंढ्यांवर त्यांची जनावरंही उभी होती. खुटाळ्याचा हौद मात्र कोरडा पडला. तळ्यात माशांच्या दोन पायऱ्या आणि त्यांच्यावर एक एवढंच पाणी उरलं. ‘उशीर’ सुपारीची वेळ आली होती.

सटवाजीला झोप लागेना. पाणी होतं, पण पाट भाजून निघाला होता. सहा कोस तापलेली माती एक पायरी पाणी वाटेतच गिळून टाकील, अशी धास्ती त्याला होती. त्याने ती रावजीला बोलून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बोरवडची माणसं घमेली आणि खराटे घेऊन पाटात उतरली. त्यांनी पाला काढला, भेगा चिखलाने लिंपल्या, शेतांकडे वळणारी पाटाची तोंडं मातीने बुजवली. त्यांचं बघून पुढच्या गावाने आपला तुकडा साफ केला, मग त्यापुढच्याने. तीन दिवसांत सहा कोस पाट घरच्या अंगणासारखा झाला.

चौथ्या दिवशी सकाळी सटवाजीने मोरी उघडली. पाणी पाटात पडलं आणि तो त्याच्याबरोबर चालू लागला. मागे वळून बघतो तर रावजी काठी टेकत येत होता.

“तुमी कशाला, पाटील? गुडघं दुखतील.”

“माझ्या गावाचं तोंड कुनी उघडलं तर? मी बरूबर असलेला बरा,” रावजी म्हणाला. पण बोरवडची हद्द संपली तरी तो मागे फिरला नाही.

पाणी हळू चालत होतं. जमीन पीत होती आणि पाणी बारीक होत होतं. सटवाजी दर थोड्या वेळाने काठी बुडवून बघायचा. वाटेतल्या गावांत माणसं पाटाच्या दोन्ही काठांवर उभी होती. कुणी घागर बुडवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खुटाळ्याची हद्द लागली तेव्हा पाटात हातभर रुंदीची धार राहिली होती. ती अडखळत, भेगा भरत, पुढे सरकत राहिली. शेवटी दगडी ओठावरून हौदात पडली. आवाज अगदी लहान होता, पण हौदाभोवतीचं सगळं गाव तो ऐकायला गप्प झालं होतं. सटवाजी मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

हौदात थोडं पाणी साठल्यावर ठकाबाईने तांब्या भरला. ती रावजीकडे गेली. “पाटील, पानी तुमच्या रानाकडंनं आलं. आधी तुमी प्या.”

रावजीने तांब्या हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. तो हौदाकडे बघत होता, हौदापाशी रांगेने ठेवलेल्या घागरींकडे बघत होता, त्यांच्यामागे उभ्या असलेल्या पोरांकडे बघत होता.

“साठ वर्सं पाटाच्या काठाला काढली,” तो म्हणाला. “पाट हितं येऊन संपतो, ते आज बघितलं.”

त्याने तांब्या शेजारच्या पोरीच्या हातात दिला आणि ती पिऊन होईपर्यंत थांबला. मग तिच्या हातून घेऊन उरलेलं तो प्यायला.

आर्द्रांचा पाऊस त्यानंतर अकराव्या दिवशी आला. तो आला तेव्हा खुटाळ्याच्या हौदात वीतभर पाणी शिल्लक होतं.

तात्पर्य: लपवून ठेवलेली शिल्लक प्रत्येक जण मनातल्या मनात आपलीच धरून खर्च करतो, चारचौघांसमोर मांडलेली शिल्लक मात्र सगळे मिळून राखतात.